कॉर्न्ड बीफमध्ये मका नसतो

आधीच सांगून टाकतो, ही पोस्ट बीफबद्दल आहे, ज्यांना चालत नाही त्यांनी इथूनच मागे फिरा, अजिबात राग नाही. आमच्या घरात बायकोलाच चालत नाही आणि तिच्या वेगळ्या पातेल्याची गोष्ट पुढे येणारच आहे, किंबहुना तिच्या पातेल्यामुळेच मला ही डिश नीट कळली असं म्हणायला हरकत नाही.

तर झालं असं की परवा एका मित्राचा फोन आला, टेक्सासला असतो, म्हणाला या वर्षी कॉर्न्ड बीफ अँड कॅबेज करून बघणार आहे, मका फ्रोझन चालेल का ताजाच लागेल? मी आधी हसलो आणि मग आठवलं की पहिल्या वर्षी मलाही हेच वाटलं होतं. पाकीट उघडून त्यात मक्याचे दाणे शोधले होते मी. तर नाही, मका नसतो. कॉर्न म्हणजे जुन्या इंग्रजीत कुठलाही दाणा, खडा, कणी. मांसाला जे जाडं मीठ चोळायचे त्या मिठाच्या खड्यांना कॉर्न म्हणायचे, बास. म्हणजे आपल्याकडच्या भाषेत 'खडेमीठ लावलेलं बीफ', खारवलेलं. हे एवढं कळलं की निम्मी रेसिपी कळली, कारण पुढची सगळी कटकट या मिठाचीच आहे.

आम्ही राहतो बॉस्टनमध्ये, डॉर्चेस्टरला, एका थ्री डेकरच्या मधल्या मजल्यावर. ज्यांनी थ्री डेकर बघितलेलं नाही त्यांच्यासाठी, लाकडी घर, तीन मजले, प्रत्येक मजल्यावर एक बिऱ्हाड, मागच्या बाजूला एकावर एक तीन बाल्कन्या आणि सगळ्यांना जोडणारा एक अरुंद जिना. या जिन्यातून वास सगळ्यांचे सगळ्यांकडे जातात, आमची फोडणी वर जाते, खालच्यांचं जे काय असेल ते आमच्याकडे येतं. खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, आयरिश घराण्यातल्या, जन्म इथलाच, वय ऐंशीच्या पुढे. सतरा मार्च, म्हणजे सेंट पॅट्रिक्स डे, आयरिश लोकांचा सण, जवळ आला की त्यांच्याकडून जो वास यायचा तो पहिल्या वर्षी मला गटार तुंबल्याचा वाटला होता, खरंच, मी घरमालकाला मेसेज टाकणार होतो. तो कोबी होता. आजी कोबी तीन तास शिजवतात. त्याबद्दल नंतर.

तर पहिल्या वर्षीचा माझा पराक्रम. सेंट पॅट्रिक्स डेच्या आधीच्या आठवड्यात इथे दुकानांत कॉर्न्ड बीफचे ढीग लागलेले असतात, अक्षरशः ढीग, आणि शेजारीच कोबीचे गड्डे रचून ठेवलेले, मोह होतोच. घेऊन आलो एक चार पाउंडाचा तुकडा. मनात विचार असा की मटण काय आपण कमी शिजवलंय का, भारतातून सुटकेसमधून आणलेला कुकर आहे, पाच शिट्ट्या काढू. पिशवी फोडली, त्यातलं गुलाबी चिकट पाणी सकट सगळं कुकरमध्ये ओतलं (हे का केलं ते आजही सांगता येणार नाही, वाटलं मॅरिनेशन आहे, वाया कशाला घालवा), वर पाणी, वर कोबी, बटाटे, गाजरं, झाकण लावलं, पाच शिट्ट्या. उघडलं तेव्हा बटाट्याचं पिठलं झालेलं, कोबी दिसतच नव्हता, आणि मांस मात्र टायरसारखं. आणि खारट! एक घास खाल्ला आणि दोन ग्लास पाणी प्यायलो. बायको तिच्या वरणभाताच्या ताटावरून माझ्याकडे नुसती बघत होती, काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

शेवटी ताट घेऊन खाली गेलो आजींकडे. त्यांनी काट्याने त्या मांसाला एकदा टोचलं, काटा आत जाईना, तो तसाच उभा राहिला, आणि म्हणाल्या, अरे बाळा, हे अजून शिजलेलंच नाहीये. मी म्हटलं शिजलंय, पाच शिट्ट्या झाल्या. त्यांना शिट्टी म्हणजे काय हे समजावण्यात दहा मिनिटं गेली.

तर हे ब्रिस्केट प्रकरण समजून घ्यायला पाहिजे, कॉर्न्ड बीफ ज्या भागाचं करतात ते. ब्रिस्केट म्हणजे गायीच्या छातीचा भाग, पुढच्या दोन पायांच्या मध्ये. जनावर उभं राहतं, चालतं, त्याचं बरंच वजन या स्नायूंवर येतं, त्यामुळे तिथे कोलॅजन भरपूर, चिवट पांढरे पडदे असतात ते. हे कोलॅजन विरघळून त्याचं जिलेटिन व्हायला नुसती उष्णता पुरत नाही, वेळ लागतो. मांस आतून शिजून खाण्यालायक सेफ होणं वेगळं, ते फार लवकर होतं, १४५ फॅरनहाइटला झालं, पण तेव्हा ते चिवटच असतं. मऊ व्हायला आतलं तापमान १९५ ते २०५ च्या आसपास जावं लागतं आणि तिथे थोडा वेळ रेंगाळावं लागतं. माझ्या पाच शिट्ट्या म्हणजे वीस एक मिनिटं, म्हणजे नेमकं सगळ्यात वाईट जागी थांबलो होतो, स्नायू आकसून पाणी बाहेर फेकून बसलेले आणि कोलॅजन अजून जसंच्या तसं. कुकर चुकीचा नाही हं, कुकरमध्ये होतं छान, पण चार पाउंडाला तब्बल दीड तास प्रेशरखाली ठेवायचं आणि मग वाफ आपोआप जिरू द्यायची, शिट्टी उचलून फुस्स करायचं नाही. मी आता कुकर वापरतच नाही पण, का ते सांगतो.

दुकानात दोन प्रकार मिळतात, फ्लॅट कट आणि पॉइंट कट. फ्लॅट म्हणजे सपाट, चौकोनी, कमी चरबीचा, दिसायला देखणा, कापल्यावर एकसारखे तुकडे पडतात, म्हणून महाग. पॉइंट म्हणजे जाड, वेडावाकडा, आत चरबीच्या रेषा, कापताना भुगा होतो. यंदा मी घेतले तेव्हा फ्लॅट ४.९९ डॉलर पाउंड आणि पॉइंट २.९९. माझं स्पष्ट मत आहे की पॉइंट घ्या. पाहुणे असले आणि फोटो काढायचे असले तर फ्लॅट घ्या, पण चव पॉइंटला आहे, आणि चुकून अर्धा तास जास्त शिजला तरी कोरडा पडत नाही, फ्लॅटला एवढी दयामाया नाही. आणि हो, हे मांस शिजून भयंकर आटतं, चार पाउंडाचे जेमतेम अडीच राहतात, त्यामुळे माणशी पाऊण पाउंड कच्चं धरायचं, नाहीतर चौघांना बोलावून आपण बटाटे खात बसायची वेळ येते.

पिशवी फोडल्यावर आत एक छोटी मसाल्याची पुडी असते, बऱ्याचदा मांसालाच चिकटलेली, बुळबुळीत. ती फेकू नका. त्यात मोहरी, धणे, मिरे, तमालपत्राचे तुकडे, ऑलस्पाइस, कधी लवंग असतं, म्हणजे निम्मा आपलाच मसाल्याचा डबा, पण गंमत म्हणजे भाजायचं नाही, तळायचं नाही, कुटायचं नाही, अख्खं तसंच पाण्यात. मला पहिल्यांदा हे इतकं अपुरं वाटलं होतं की मी त्यात आलं लसूण घातलं होतं. आता नाही घालत. पुडीत मसाला कमी वाटला तर घरचे चार मिरे आणि चमचाभर धणे अजून टाकतो, एवढंच.

आता धुणं. पिशवीतलं ते गुलाबी पाणी सिंकमध्ये जाऊ द्यायचं, मांस नळाखाली हळूहळू दोन्ही बाजूंनी धुवायचं, फार जोरात नळ सोडायचा नाही नाहीतर सगळ्या ओट्यावर शिंतोडे. मग मोठ्या जाड बुडाच्या पातेल्यात ठेवायचं, चरबीची बाजू वर, आणि वर दोन बोटं येईल इतकं गार पाणी. उकळी आणायची. वर करडा फेस येतो तो डावाने काढून टाकायचा. आणि आता ते पाणी चाखायचं. हो, चाखायचं, चमच्यात घेऊन, गार करून. समुद्राच्या पाण्यासारखं लागलं तर सगळं ओतून द्या आणि नवीन पाणी घ्या, लाजू नका. मसाला त्यानंतर. ही एक पायरी कुठल्याच पाकिटावर छापलेली नसते आणि दर वर्षी कुणीतरी मला सांगतं की आमचं फार खारट झालं.

आणि मग येते ती खरी गोष्ट, ज्याच्यासाठी ही एवढी लांबण लावली. आच. उकळी आली की गॅस इतका बारीक करायचा की पाणी खदखदलं नाही पाहिजे. रटरट आवाज आला तर चुकतंय. पातेल्यात बघितलं तर एका कोपऱ्यातून एखादा बुडबुडा वर यावा, मग जरा वेळ काही नाही, मग दुसऱ्या कोपऱ्यातून एक, असं. खदखदत्या पाण्यात मांस शिजतं पण आधी पिळवटलं जातं, धागे सुटे होतात आणि प्रत्येक धागा कोरडा, सुतळी चघळल्यासारखं. मला हे पटायला दोन वर्षं लागली कारण आपल्याला सवय असते ना की लवकर आटपायचंय तर आच वाढवा. इथे आच वाढवून वेळ वाचत नाही. पाउंडाला साधारण पन्नास मिनिटं धरायची, चार पाउंडाला तीन सव्वातीन तास, पण घड्याळापेक्षा काटा बघायचा. काटा घालून फिरवला की सहज फिरला पाहिजे आणि बाहेर काढताना मांस काट्याबरोबर वर येता कामा नये. आजींनी मला हे असं शिकवलं की हातात काटा दिला, म्हणाल्या घाल, मग अर्ध्या तासाने परत जिना उतरून ये आणि घाल, असं चार वेळा. चौथ्यांदा काटा आत गेला आणि मला हाताला काही जाणवलंच नाही. ते हाताला न जाणवणं म्हणजे शिजलं.

कुकर का सोडला तर याचसाठी, झाकण उघडून बघता येत नाही. अंदाज चुकला की परत प्रेशर, परत वाफ, परत वाट बघा.

बरं आता भाज्या. पाकिटावर लिहिलेलं असतं की शेवटच्या तासात भाज्या घाला, आणि लोक मांस आत असतानाच वरून बटाटे गाजरं कोबी सगळं कोंबतात, पातेलं काठोकाठ भरतं, पाणी गार पडतं, मग आच वाढवतात, मग खदखदतं, आणि तीन तासांची मेहनत शेवटच्या अर्ध्या तासात पाण्यात, शब्दशः. मी आता काय करतो, मांस झालं की चिमट्याने उचलून परातीत काढतो, वर एक डाव तेच पाणी घालतो म्हणजे कोरडं पडत नाही, फॉइलने झाकतो आणि विसरून जातो. मांसाला तसाही आराम लागतोच, लगेच कापलं तर सगळा रस पाटावर. त्या रिकाम्या झालेल्या पातेल्यात, त्याच पाण्यात, आधी छोटे लाल बटाटे सालासकट, दहा मिनिटांनी गाजराचे जाड तुकडे, आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत कोबी. आता खदखदू दे खुशाल, मांस बाहेर आहे. अर्ध्या पाऊण तासात सगळं एकाच वेळी तयार आणि मांस अजून गरमच.

कोबीबद्दल मला जरा जास्त बोलायचंय कारण या बिचाऱ्याची सगळ्यात जास्त बदनामी झालीय. कोबीत गंधकाचे घटक असतात, जितका वेळ शिजवाल तितका तो वास वाढत जातो, कमी होत नाही. पंधरा मिनिटं शिजवलेला कोबी गोड लागतो. तीन तास शिजवलेला कोबी म्हणजे आमचा जिना. मी आईला फोनवर हे सगळं सांगत होतो तर ती म्हणाली, अरे कोबीला काय तीन तास शिजवतात का, कोबी आहे का हरभरे. हेच मला आजींना सांगायचं होतं पण ऐंशी वर्षांच्या बाईला काय सांगणार, तिच्या आईने तसा केला, तिच्या आजीने तसा केला.

कापायचं असं की गड्डा उभा ठेवायचा, दांड्यातून उभा चिरायचा, मग प्रत्येक अर्ध्याचे तीन किंवा चार उभे भाग, आणि दांडा काढायचा नाही. भाजीला आपण दांडा आधी काढून टाकतो, हात आपोआप तिकडे जातो, मी दोनदा काढून बसलोय. इथे दांडाच सगळी पानं एकत्र धरून ठेवतो, नाहीतर पातेल्यात नुसती पानं तरंगत राहतात आणि झाऱ्याने गोळा करत बसा. झाला की कापलेल्या बाजूला पानांच्या कडा जरा पारदर्शक दिसतात आणि दांड्यात सुरी जाते पण थोडी अडकत जाते. तिथे थांबायचं.

आता बायकोचं पातेलं. तिला ते पाणीही चालत नाही, साहजिकच, त्यामुळे तिच्यासाठी मी अर्धा कोबी आणि काही बटाटे वेगळे करतो. पहिल्यांदा केले ते नुसते मिठाच्या पाण्यात उकडून, आणि ते इतके रडके लागले की तिने सरळ लोणचं काढलं. मग पुढच्या वेळी पसरट पातेल्यात बटर, अमूलचं नाही इथलंच, त्यात कोबीच्या फोडी कापलेल्या बाजूने खाली ठेवल्या आणि हलवल्याच नाहीत, खालून तांबूस होईपर्यंत, मग मीठ, चमचाभर धणे आणि मिरे भरडून (ती पुडी आठवा), अर्धी वाटी पाणी, झाकण, आठ दहा मिनिटं. झाकण काढून पाणी आटवलं. हे इतकं भारी लागलं की मी माझ्या ताटातला कोबी सोडून तिच्यातला खाल्ला. मांसाच्या पाण्यातल्या कोबीला एक वेगळी चव असते, खारट, मसाल्याची, मांसाची, ती मला आवडते, पण तांबूस कडांचा हा कोबी वेगळाच मामला आहे. आता मी दोन्ही करतो आणि कुठला आधी संपतो ते दर वर्षी बघतो. उत्तर शेवटी.

कापताना एक चूक हमखास होते. मांसाचे धागे कुठल्या दिशेने जातात ते आधी बघायचं, फ्लॅटमध्ये स्पष्ट दिसतात, केस विंचरल्यासारखे एका दिशेला, आणि सुरी त्यांना आडवी चालवायची. धाग्यांच्या बरोबरीने कापलं तर कितीही मऊ शिजलेलं असलं तरी तोंडात लांब लांब दोरे येतात. पॉइंट कटमध्ये गंमत अशी की धागे मध्येच दिशा बदलतात, त्यामुळे अर्धं कापून झालं की तुकडा फिरवून घ्यावा लागतो. आजी हे न बघता करतात, बोटाने चाचपतात आणि फिरवतात. पेन्सिलीएवढ्या जाडीचे तुकडे, फार पातळ केले तर तुटतात. सोबत झणझणीत ब्राउन मस्टर्ड किंवा हॉर्सरॅडिश, नाकात जाणारं काहीतरी हवंच, त्याशिवाय हे जेवण जरा सौम्यच आहे, कबूल.

एकदा आजींना मी मोठ्या उत्साहाने म्हटलं की आयर्लंडमध्ये तर हे घरोघरी होत असेल ना आज. त्या इतक्या हसल्या. म्हणाल्या माझे वडील तिथून आले तेव्हा त्यांनी हे कधी चाखलंही नव्हतं. आणि खरंच आहे, तिकडे जे खातात ते बेकन अँड कॅबेज, म्हणजे डुकराचा खारवलेला अख्खा तुकडा उकडून, कोबीबरोबर. गाय दुधालोण्यासाठी पाळायची, तिला मारून खाणं परवडणार कुणाला. आणि यातला कडू भाग असा की कॉर्न्ड बीफ बनायचं आयर्लंडमध्येच, कॉर्क बंदरातून सतराव्या अठराव्या शतकात जहाजंच्या जहाजं भरून खारवलेलं बीफ बाहेर जायचं, ब्रिटिश नौदलाला, कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांना. इंग्लंडने १६६३ आणि १६६७ मध्ये कायदे करून आयर्लंडहून जिवंत गुरं आणायला बंदी घातली, मग गुरं विकायची कुठे, तर मारा आणि खारवा. बनवणाऱ्यांच्या ताटात मात्र बटाटा. मग १८४५ ला बटाट्यावर रोग पडला, १८५२ पर्यंत दुष्काळ चालला, दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली, त्यातली कितीतरी इथे बॉस्टन आणि न्यूयॉर्कला उतरली. इथे आल्यावर त्यांना हवं होतं त्यांच्या घरचं बेकन, पण परवडणारं आणि चवीला जवळचं जे मिळालं ते ज्यू खाटकांकडचं खारवलेलं ब्रिस्केट. कोशर, म्हणजे ज्यू धर्माचे आहारनियम पाळणारा खाटीक डुक्कर तर ठेवणार नाहीच, आणि जनावराचा मागचा भाग कोशर करायला फार किचकट म्हणून पुढचाच विकतात, ब्रिस्केट पुढचं, चिवट म्हणून स्वस्त. कोबी आणखी स्वस्त. झालं जेवण. म्हणजे आयरिश सणाचं जेवण म्हणून आज जे खातात ते ज्यू खाटकाच्या दुकानात अमेरिकेत जुळलेलं आहे. वेगळ्या देशात गेलं की घरच्या चवीच्या सगळ्यात जवळचं जे मिळेल ते उचलायचं आणि दहा वर्षांनी तेच आपलं म्हणायचं, हे मला फारच ओळखीचं वाटलं. आमच्या फ्रीजमधलं ग्रीक योगर्टचं श्रीखंड बघा.

अजून एक. सतरा मार्च कधी कधी लेंटमधल्या शुक्रवारी येतो, ईस्टरच्या आधीचा तो काळ, त्यात शुक्रवारी कॅथलिकांना मांस बंद. २०१७ आणि २०२३ ला असं झालं आणि इथल्या बऱ्याच बिशपांनी त्या दिवसापुरती सूट दिली. आजी २०२३ ला चर्चमधून आल्या त्या जिन्यातूनच ओरडल्या, मिळाली परवानगी! एकादशीला साबुदाण्यात काय चालतं यावर आमच्याकडे होणाऱ्या चर्चा आठवल्या मला. पुढचा असा शुक्रवार २०२८ मध्ये आहे, आजींनी आत्ताच सांगून ठेवलंय.

बॉस्टनची एक खासियत राहिली. बाकी देशात कॉर्न्ड बीफ गुलाबी लाल असतं, इथे न्यू इंग्लंडमध्ये ग्रे पण मिळतं, राखाडी, आणि जुनी मंडळी तेच खरं मानतात. फरक सोडियम नायट्राइटचा, मांस खारवताना घालतात तो एक क्षार. ते घातलं की मांसाला लाल रंग देणाऱ्या मायोग्लोबिन या प्रथिनाशी त्याची रिअ‍ॅक्शन होते आणि शिजल्यावरही रंग गुलाबी राहतो, चवही जरा हॅमसारखी येते. ग्रेमध्ये ते नसतं, नुसतं मीठ, म्हणून उकडल्यावर मटणासारखाच करडा रंग. ग्रे जास्त खारट असतं, ते मी आदल्या रात्रीच पाण्यात भिजत घालतो आणि झोपायच्या आधी एकदा पाणी बदलतो. चवीला मला ग्रे जास्त 'मांस' वाटतं पण ताटात दिसायला अगदीच उदास, त्यामुळे पाहुण्यांना गुलाबी.

हुरूप येऊन एका वर्षी घरी पण खारवलं. एक गॅलन पाणी, साडेतीनशे ग्रॅम मीठ, थोडी ब्राउन शुगर, तोच मसाला आणि क्युअरिंग सॉल्ट. या क्युअरिंग सॉल्टबद्दल सिरीयसली सांगतो, याला पण गुलाबी मीठ म्हणतात आणि त्याचा हिमालयातल्या गुलाबी मिठाशी काही संबंध नाही, त्यात ६.२५ टक्के सोडियम नायट्राइट असतं आणि जास्त पोटात गेलं तर विष आहे, साध्या मिठात कुणी गफलत करू नये म्हणून तर मुद्दाम रंगवलेलं असतं. त्यामुळे पाकिटावरचं माप बघायचं, वजनकाट्यावर मोजायचं, अंदाजपंचे नाही, आणि डब्यावर लेबल लावून मुलांच्या हाताला लागणार नाही असं वर ठेवायचं. मीठसुद्धा वजनानेच घ्या, कोशर मिठाच्या दोन ब्रँडमध्ये एका कपाचं वजन पार वेगळं भरतं. पाणी उकळून पूर्ण गार केलं, मांस बुडवलं, वर ताटली आणि ताटलीवर वजन, आणि फ्रीजमध्ये पाच दिवस. रोज उलटायचं. मी तिसऱ्या दिवशी विसरलो आणि पाचव्या दिवशी घाई केली, शिजवून कापलं तर बाहेर सुंदर गुलाबी आणि बरोबर मधोमध एक करडा डोळा, लिंबाएवढा, तिथवर मीठ पोचलंच नव्हतं. खायला काही वाईट नव्हतं, नुसतं अळणी. पॉइंटसारख्या जाड तुकड्याला सात दिवस तरी हवेतच. परत करेन का? फ्रीजचा एक अख्खा कप्पा आठवडाभर अडवल्याबद्दल जे ऐकून घ्यावं लागलं ते बघता, विकतचं बरं आहे.

उरलं तर, आणि उरवाच, दुसऱ्या दिवशी हॅश. मांस आणि उरलेले बटाटे बारीक चिरून, कांद्याबरोबर लोखंडी तव्यात दाबून पसरायचे आणि हलवायचे नाहीत. खालून खरपूस पापुद्रा धरला की उलथन्याने ढेकळं उलटायची. वर अंडं. मीठ घालायचं नाही, आधीच आहे. काही लोक र्‍हाय ब्रेड, स्विस चीज आणि साउअरक्राउट, म्हणजे आंबवलेला कोबी, घालून रूबेन सँडविच करतात, तेही उत्तम, त्याचा शोध कुणी लावला यावरून न्यूयॉर्क आणि ओमाहा अजून भांडतायत. पाणी मात्र सूपसाठी तसंच वापरू नका, निम्मं साधं पाणी घालून वाटाण्याची डाळ शिजवा त्यात.

तर या वर्षी. टेक्सासवाल्या मित्राला मी एवढं सगळं व्हॉइस नोटवर सांगितलं, सतरा मिनिटांची नोट, त्याने ऐकली नाही, म्हणून ही पोस्ट. आमच्याकडे पॉइंट कट झाला, चौथ्यांदा काटा घातला तेव्हा हाताला काही लागलं नाही, आजींना वर बोलावलं होतं, एक एक पायरी थांबत आल्या. मांस खाल्लं, म्हणाल्या मीठ कमी आहे, ते त्या दर वर्षी म्हणतात. मग निघताना त्यांनी आपला डबा पुढे केला आणि बायकोच्या पातेल्याकडे बोट दाखवलं. मी मांसाचे तुकडे भरायला लागलो तर म्हणाल्या, ते राहू दे रे, कोबी भर. तांबूस झालेलाच दे. आणि खाली जाऊन कुणाला सांगू नकोस.